दक्षिणा फंड : रमण्यापासून फेलोशिपपर्यंत

परत न फेडावयाचें द्रव्य देऊन विद्यार्थ्याचें उच्च शिक्षण पुरें करावें, ही पद्धति इंग्रजी अमदानींत बाहेरून आली असा सामान्य समज आहे. पुण्याच्या दक्षिणेचा इतिहास पाहिला असतां हा समज निम्माच खरा ठरतो. एकच देणगी धर्मादाय, पाठशाळा, ग्रंथपारितोषिक व फेलोशिप अशा चार अवस्थांतून कशी गेली, हें येथें क्रमानें मांडावयाचें आहे.

श्रावणमासांत विद्वान् ब्राह्मणांस दक्षिणा देण्याची चाल तळेगांवचे सेनापति खंडेराव दाभाडे यांनीं पाडली. इ. स. १७३१ त डभईच्या लढाईंत त्रिंबकराव दाभाडे पडले, व पुढें पहिल्या बाजीरावानें ही चाल पुण्यास नेली. कालांतरानें तिचे दोन प्रकार झाले. पर्वतीच्या पायथ्याशीं रमण्यांत सामान्य ब्राह्मणांस सरसकट अल्प रक्कम मिळे. शास्त्रीपंडितांस मात्र विद्वत्तेची पारख होऊन योग्यतेनुरूप मिळे. रामशास्त्री प्रभुणे यांचे बंधु दक्षिणेस आले असतां नाना फडणिसांनीं त्यांस अधिक रक्कम देऊं केली, तेव्हां "इतरांइतकीच द्यावी, अधिक काय तें मी पदरचें देईन," अशा आशयाचें उत्तर शास्त्रीबोवांनीं दिलें, अशी आख्यायिका आहे. ती अक्षरशः खरी असो वा नसो. दक्षिणा नात्यावर नव्हे, विद्येवर द्यावयाची, हा दंडक लोकांस मान्य होता, एवढें तीवरून खास दिसतें.

इ. स. १८१८ त पेशवाई गेली. एल्फिन्स्टननें रमण्यांतील सरसकट वांटप चालू ठेविलें नाहीं. परंतु विद्वानांच्या दक्षिणेसाठीं सालीना ५०,००० रुपयांची तरतूद राखिली. याच द्रव्याच्या एका भागांतून इ. स. १८२१ त कमिशनर चॅप्लिन याच्या अमलांत विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा निघाली. अध्यापकांस पगार व विद्यार्थ्यांस मासिक वेतन मिळूं लागलें. येथें पहिलें स्थित्यंतर झालें. पूर्वींचें दान संपादिलेल्या विद्येचा गौरव होतें. आतां तें विद्या संपादण्याचें साधन झालें.

दुसरें स्थित्यंतर वादांतून झालें. जुने दक्षिणादार निवर्तत, तसतशी रक्कम शिल्लक पडूं लागली. तिचा विनियोग कोणीं ठरवावा? इ. स. १८४९ त लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख प्रभृति मंडळीनें सरकारास अर्ज केला कीं, दक्षिणेचा कांहीं अंश मराठी ग्रंथरचनेच्या उत्तेजनार्थ लावावा. जुन्या पक्षानें त्यास कसून विरोध केला. त्या पक्षास दक्षिणा हा परंपरागत हक्क वाटे, आणि वृत्ति बुडण्याचें भय कांहीं खोटें नव्हतें. परंतु हा पैसा सर्व जातींच्या रयतेच्या वसुलांतून आलेला होता, आणि लाभ मात्र एकाच वर्णास होता, ही गोष्टहि तितकीच खरी होती. अखेर इ. स. १८५१ त दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली. त्याच सालीं संस्कृत पाठशाळा व इंग्रजी शाळा एक होऊन पूना कॉलेज झालें, इ. स. १८६४ त त्यासच डेक्कन कॉलेज हें नांव मिळालें.

शेवटची अवस्था दक्षिणा फेलोशिपची. हुशार तरुणानें कॉलेजांत राहून स्वतःचा अभ्यास पुढें चालवावा व खालच्या वर्गांस शिकवावें, अशी तिची योजना होती. रामकृष्ण गोपाळ भांडारकर व महादेव गोविंद रानडे हे दोघेहि दक्षिणा फेलो होते. श्रावणांतील दानाचें हें फळ दाभाड्यांच्या स्वप्नींहि नसेल.

यावरून एक सिद्धांत निघतो. दान दीर्घकाळ टिकलें तें तें गोठून राहिलें म्हणून नव्हे. पात्रता पारखावी हें मूळ तत्त्व राखून पात्रतेची व्याख्या वेळोवेळीं विस्तारली म्हणून. जेथें पारख सुटली, तो रमण्याचा भाग प्रथम लोपला.

सरकारी बाजूचे कागद पेशवे दप्तरांत पाहावयास मिळतात. परंतु घेणाऱ्याची बाजू शास्त्रीघराण्यांच्या पोथ्यांच्या बासनांत आहे. गुरूचें शिफारसपत्र, प्रवासखर्चाचा टिपणवजा हिशेब, वेतन पोंचल्याची पावती, असे चिटोरे पोथी विकत घेतांना निरुपयोगी म्हणून टाकले जातात. संग्राहकांनीं ते पोथीपासून वेगळे करूं नयेत, व कोणत्या पोथींत सांपडले याची नोंद करावी. कोणता ग्रंथ कोणाच्या अन्नावर शिकला गेला, हें सांगणारा दुसरा साक्षीदार बहुधा उरत नाहीं.