पायथॉनचं फंक्शन थांबतच नाही? ‘रिकर्जन एरर’ अशी दुरुस्त करा

पायथॉन शिकताना पहिलं रिकर्सिव्ह फंक्शन लिहिलं, रन केलं आणि स्क्रीनवर एकच ओळ शेकडो वेळा आल्याचं सांगत ‘रिकर्जन एरर’ आली? घाबरू नका. चूक बहुतेक वेळा एका ओळीचीच असते.

रिकर्जन म्हणजे काय?

फंक्शनने स्वतःलाच पुन्हा कॉल करणं म्हणजे रिकर्जन. सोलापूरचं उदाहरण घेऊ. संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक 68 लिंगांना जाते. समजा, ‘यात्रा’ नावाच्या फंक्शनला आपण उरलेल्या लिंगांचा आकडा देतो. ते एका लिंगाचं दर्शन घेतं आणि एक आकडा कमी करून स्वतःलाच कॉल करतं. 68, 67, 66... शून्य उरलं की थांबायचं. या थांबण्याच्या अटीला ‘बेस केस’ म्हणतात.

एरर का येते?

पायथॉन प्रत्येक अपूर्ण कॉलची नोंद मेमरीत ठेवतो. मेमरी भरू नये म्हणून साधारण 1000 कॉलची मर्यादा आधीच ठरवलेली असते. आपल्या यात्रेला 69 कॉल पुरेसे आहेत. तरीही एरर आली, तर दोष मर्यादेचा नाही, फंक्शनचा आहे.

या तीन गोष्टी तपासा

1. अट आहे का? ‘इफ’ची ओळ राहिली असेल किंवा कॉलच्या खाली लिहिली असेल, तर तिच्यापर्यंत पायथॉन पोहोचतच नाही. ती सर्वात वर घ्या.
2. आकडा कमी होतो का? पुढच्या कॉलमध्ये ‘उरलेली वजा 1’ऐवजी नुसतं ‘उरलेली’ लिहिलं, तर यात्रा पहिल्याच लिंगापाशी अडकते.
3. शून्य ओलांडलं जातं का? दोन-दोन लिंगं कमी केली, तर 68 वरून शून्य गाठता येतं. 67 वरून मात्र 1 नंतर थेट उणे 1 येतं. म्हणून अट ‘शून्य किंवा त्याहून कमी’ अशी ठेवा.

चूक पटकन कशी सापडेल?

फंक्शनच्या पहिल्याच ओळीत आकडा प्रिंट करा आणि 68ऐवजी 3 देऊन बघा. 3, 2, 1, 0 आलं तर सगळं ठीक. 3, 3, 3 आलं तर आकडा कमी होत नाही. शून्यानंतर उणे आकडे आले तर अट चुकली आहे.

मर्यादा वाढवली तर?

‘सेट रिकर्जन लिमिट’ वापरून ती वाढवता येते, पण न थांबणारं फंक्शन नवी मर्यादाही ओलांडेल. मर्यादा फारच मोठी ठेवली, तर एरर न दाखवताच पायथॉन बंद पडू शकतो. त्यामुळे आधी अट दुरुस्त करा.