माजी सैनिकाच्या घरातील हिंसा: मदत कशी मिळवावी?

निवृत्त सैनिकाच्या पत्नीला "हे कसं लागलं?" असे विचारले की, "त्यांनी सीमेवर बरंच सोसलंय, राग येणारच," असे उत्तर अनेकदा मिळते. त्यांनी सोसले, हे खरे. पण म्हणून तुम्ही मार सोसावा, असे नाही.

आजार आणि हिंसा

लढाई किंवा चकमकीच्या अनुभवानंतर पीटीएसडी हा मानसिक आजार होऊ शकतो. झोपेत दचकणे, भयानक स्वप्ने पडणे, चटकन भडकणे ही त्याची लक्षणे. दारूची भर पडली की धोका वाढतो. तरीही हा आजार असलेले बहुतेक जण जोडीदाराला मारत नाहीत. त्यांचे उपचार आणि तुमची सुरक्षितता ही दोन वेगळी कामे आहेत. उपचारांचा गुण येण्याची वाट पाहत मार खाऊ नका.

शिवीगाळ, शरीरसंबंधाची जबरदस्ती, घरखर्चाला पैसे न देणे हीसुद्धा कायद्याने हिंसाच आहे.

लगेच ११२ वर फोन करा

• गळा दाबला असेल तर. बाहेर वळ नसला तरी आत इजा असू शकते. आवाज बसला नसला, गिळताना दुखत नसले, तरी त्याच दिवशी रुग्णालयात जा.
• बंदूक दाखवून धमकावले असेल तर. बंदूक परवान्याची आहे, म्हणून धोका कमी होत नाही.
• जीव घेण्याची किंवा देण्याची भाषा होत असेल तर.

मदत कुठे मिळेल?

• १८१: महिला हेल्पलाइन, चोवीस तास. इथून सखी वन स्टॉप सेंटरची माहिती मिळते. सेंटरमध्ये उपचार, समुपदेशन आणि तात्पुरता निवारा मिळू शकतो.
• संरक्षण अधिकारी: २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली न्यायालयात अर्ज करायला मदत करतात. पेन्शनच्या काळजीने गप्प बसू नका. या अर्जात मागणी संरक्षणाची, राहत्या घराची आणि खर्चाची असते, शिक्षेची नाही. मात्र संरक्षणाचा आदेश मोडणे हा गुन्हा आहे.
• जिल्हा विधी सेवा प्राधिकरण: महिलांना मोफत वकील.
• तुमचे डॉक्टर: एकटीशी बोलायचे आहे असे सांगा. जखमेचे खरे कारण सांगा, म्हणजे तशी नोंद होईल.
• पतीसाठी: ईसीएचएस पॉलिक्लिनिकमधून मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवले जाते. टेली-मानसचा क्रमांक १४४१६.

मारहाण सुरू असताना दोघांनी एकत्र समुपदेशनाला बसणे धोक्याचे ठरू शकते. तिथे बोललेल्याचा राग घरी निघतो.

आजच एक काम करा: आधार, ईसीएचएस कार्ड, पासबुक आणि पेन्शनच्या कागदांच्या प्रती विश्वासू नातेवाइकाकडे ठेवा.