सिग्नस ए कोणाला सापडली?

हंस तारकासमूहाच्या दिशेला, आपल्यापासून सुमारे ७५ कोटी प्रकाशवर्षांवर ‘सिग्नस ए’ नावाची एक विराट लंबवर्तुळाकार दीर्घिका आहे. तिच्या शोधाचे श्रेय कोणी ग्रोट रेबर यांना देतो, कोणी वॉल्टर बाडे आणि रुडॉल्फ मिंकोव्स्की यांना. मला दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. या दीर्घिकेचा शोध खऱ्या अर्थाने लागला तो तिची जागा आणि तिचा आकार मोजला गेला तेव्हा, आणि त्या मोजणाऱ्यांची नावे आज मागे पडली आहेत.

रेबर यांचे काम थोरच होते. १९३७ साली अमेरिकेतल्या व्हीटन गावी, घराच्या परसात, स्वखर्चाने त्यांनी साडेनऊ मीटर व्यासाची तबकडी उभारली. १९४४ साली छापलेल्या त्यांच्या आकाशनकाशात हंसाच्या दिशेकडून जोरकस रेडिओलहरी येताना दिसतात. पण त्या तबकडीची नजर ढोबळ होती. आपल्याच आकाशगंगेतला ‘सिग्नस एक्स’ हा शेजारचा भाग आणि ही दूरची दीर्घिका तिला वेगळी करता येत नव्हती. जे वेगळे ओळखताच आले नाही, ते सापडले असे कसे म्हणावे? १९४६ साली इंग्लंडमध्ये ‘हे’, पार्सन्स आणि फिलिप्स या संशोधकांना या लहरी लुकलुकताना आढळल्या आणि त्यावरून स्रोत लहान असला पाहिजे, असे त्यांनी मांडले. ती लुकलुक पृथ्वीच्या आयनांबरामुळे होती हे पुढे कळले. कारण चुकले, निष्कर्ष मात्र टिकला. मग सिडनीच्या समुद्रकड्यावरून बोल्टन आणि स्टॅन्ली यांनी थेट येणारी आणि पाण्यावरून परावर्तित होणारी लहर यांचा मेळ घालून दाखवले, की स्रोत चंद्रबिंबाच्या साधारण चौथ्या हिश्शापेक्षाही लहान आहे. १९५१ साली केंब्रिजच्या ग्रॅहम स्मिथ यांनी त्याचे स्थान सुमारे एका कोनीय मिनिटापर्यंत पक्के केले. माझ्या लेखी शोधकथेचा आरंभ इथे आहे.

यावर आक्षेप येईल, की दीर्घिका प्रत्यक्ष पाहिली ती बाडे यांनीच, पालोमारच्या २०० इंची दुर्बिणीतून. आणि मिंकोव्स्की यांच्या वर्णपटामुळेच ती सेकंदाला जवळपास १७,००० किलोमीटर वेगाने दूर जात असल्याचे, म्हणजेच तिच्या अंतराचे, ज्ञान झाले. हे खरे आहे आणि वर्णपटाचे मोल मी कमी लेखत नाही. पण बाडे यांच्या छायाचित्रात फिकट ठिपके पुष्कळ होते. त्यांतला कोणता निवडायचा हे स्मिथ यांच्या आकड्यांनीच सांगितले. शिवाय डोळ्यांनी फसवलेही. मधला भाग दुभंगलेला पाहून बाडे यांनी दोन दीर्घिकांची टक्कर चालू आहे, असा अर्थ लावला. तो दुभंग मुख्यतः मधल्या धुळीचा परिणाम होता.

त्या अर्थाला तडा देणारा पुरावा १९५३ सालीच हाती आला होता. जॉड्रेल बँक वेधशाळेत रॉजर जेनिसन आणि कोलकात्याचे मृणाल कुमार दासगुप्ता यांनी या स्रोताची रुंदी मोजली, तेव्हा लहरी दोन वेगळ्या भागांतून येताना दिसल्या, आणि दीर्घिका त्या दोहोंच्या मधोमध होती. टकरीतून ऊर्जा निघत असती, तर ती टकरीच्या जागीच उसळली असती. ती दीर्घिकेच्या पार बाहेर का उसळते, याचे उत्तर पुढे मिळाले: केंद्रातल्या, सूर्याच्या अब्जावधी पट वस्तुमानाच्या कृष्णविवराजवळून दोन विरुद्ध दिशांना झोत निघतात आणि बाहेरच्या विरळ वायूवर आदळतात. या टोकापासून त्या टोकापर्यंतचा पसारा सुमारे चार लाख प्रकाशवर्षांचा आहे. पुढे शेकडो रेडिओ दीर्घिकांत हीच जुळी रचना सापडली. म्हणून सिग्नस एच्या शोधाची हकीकत लिहिताना बाडे-मिंकोव्स्कींच्या १९५४ च्या लेखाआधी स्मिथ यांचे १९५१ आणि जेनिसन-दासगुप्ता यांचे १९५३ ही दोन वर्षे लिहिली गेलीच पाहिजेत.