रंगभूमीवरची आनंदीबाई

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. थकलेल्या पगाराच्या निमित्ताने सुमेरसिंग गारद्याची टोळी वाड्यात घुसली. अठरा वर्षांचा पेशवा धावत जाऊन काका राघोबादादांना बिलगला, तरी वाचला नाही. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी करून दोष ठेवला तो दादांवर. लोकांनी मात्र तो दादांच्या पत्नीवर, आनंदीबाईवर ठेवला. नारायणरावांना पकडण्याच्या दादांच्या हुकुमातील ‘धरावे’चे ‘मारावे’ तिने केले, ही समजूत ग्रँट डफने १८२६ च्या इतिहासात नोंदवली. तो फेरफार तिच्याच हातचा, हे सिद्ध करणारा पुरावा कोणी पुढे आणलेला नाही.

नाटककारांना पुराव्याची अडचण नव्हती. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’त (१९०९) राघोबा डळमळीत आणि आनंदीबाई ठाम आहे. गादीची हाव दोघांनाही. त्या गादीसाठी पाप करण्याची धमक मात्र आनंदीबाईत. ‘मॅकबेथ’ची छाया इथे उघड दिसते, ते नाटक शिवराम महादेव परांजपे यांनी ‘मानाजीराव’ या नावाने मराठीत आणले होते. शिवाय १९०७ ला सुरतेत काँग्रेस फुटलेली, १९०८ पासून टिळक मंडालेच्या तुरुंगात; घरभेदाने राज्य कसे बुडते, हा विषय प्रेक्षकांना शिळा वाटणे शक्यच नव्हते. त्या काळी स्त्रीभूमिकाही पुरुषच करीत, म्हणजे ही करारी बाई लेखणीपासून लुगड्यापर्यंत पुरुषांनीच उभी केलेली. तिच्या करारीपणाने दादांच्या गुन्ह्याचा भार हलका होतो, ही या मांडणीतली खरी मेख. १९४४ च्या प्रभातच्या ‘रामशास्त्री’ चित्रपटात ही भूमिका ललिता पवारांकडे गेली आणि आनंदीबाईला पडद्यावर बाईचा चेहरा मिळाला.

खुनानंतरची आनंदीबाई नाटकांना फारशी हवी नव्हती. पेशवा झालेल्या दादांना बारभाईंनी, म्हणजे एकत्र आलेल्या कारभाऱ्यांनी, पदच्युत केल्यावर ती गरोदरपणी धारच्या किल्ल्यात राहिली आणि जानेवारी १७७५ मध्ये तिथेच दुसरा बाजीराव जन्मला. मार्चमध्ये दादांनी सुरतेला इंग्रजांशी तह केला. त्यातून पेटलेले पहिले इंग्रज-मराठा युद्ध १७८२ च्या सालबाईच्या तहाने संपले. पुढच्याच वर्षी दादा कोपरगावी वारले. आनंदीबाई त्यानंतर दहा वर्षांहून अधिक काळ पुणे दरबारच्या नजरेखाली मुलांना घेऊन जगली आणि १७९४ मध्ये निवर्तली. तीन वर्षांच्या आत तिचा तो धारला जन्मलेला मुलगा पेशवा झाला.