विष धरून ठेवणारी माती

कोंबडीखाद्याच्या गिरणीत मका, सोयापेंड, खनिजमिश्रण यांच्या पोत्यांशेजारी एक पोतं फिक्या करड्या पुडीचं असतं. चिमटीत घेतली तर पिठासारखी मऊ, ओली झाली की बोटांना चिकटणारी. पोल्ट्रीवाले तिला 'टॉक्सिन बाइंडर' किंवा नुसतं 'बाइंडर' म्हणतात. बहुतेक वेळा ती असते चक्क माती. एरवी खाद्यात माती म्हणजे भेसळ. ती जाणूनबुजून घालायची वेळ कशी आली?

1960 साली इंग्लंडात टर्कीची पिल्लं पटापट मरू लागली. मेलेल्या पक्ष्याची मान मागे ताणलेली, पायही मागे लांबवलेले, यकृत सडलेलं. मेलेल्यांचा आकडा लाखावर गेला. कारण सापडेना, म्हणून रोगाचं नाव पडलं 'टर्की एक्स'. शोध घेता घेता माग ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीपर्यंत पोचला. पेंडीत अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी होती. तिच्या नावातला 'अ', पुढचा 'फ्ला' आणि विषाचा 'टॉक्सिन' जोडून शब्द तयार झाला: अफ्लाटॉक्सिन. अतिनील दिव्याखाली हे विष निळं किंवा हिरवं चमकतं. उघड्या डोळ्यांना काहीच दिसत नाही. बुरशी झटकली, खाद्य तापवलं, तरी ते पुरतं जात नाही. आपल्याकडे 1974 मध्ये पंचमहाल आणि बांसवाड्याच्या आदिवासी पाड्यांत बुरशीचा मका खाऊन शंभरावर माणसं दगावली. घरची कुत्रीही आजारी पडली.

माती तोवर खाद्यात शिरली होती, पण हलक्या कामासाठी: दमट हवेत खाद्याचे गोळे होऊ नयेत म्हणून. अमेरिकेत टेक्सासच्या ए अँड एम विद्यापीठात टिमोथी फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी अशाच एका मातीची परीक्षा घेतली. 1988 मध्ये त्यांनी दाखवून दिलं की टनाला 5 किलो या प्रमाणात ती दिली, तर अफ्लाटॉक्सिनमुळे खुंटणारी कोंबडीची वाढ बरीचशी सावरते.

या मातीचे कण पोळीला पदर सुटावेत तसे थरांचे असतात. अफ्लाटॉक्सिनचा रेणू चपटा. तो पदरांमध्ये सरकतो, तिथल्या कॅल्शियमसारख्या आयनांना धरून बसतो, आणि रक्तात न उतरता विष्ठेवाटे बाहेर पडतो. बेंटोनाइट ही याच कुळातली माती, ज्वालामुखीच्या राखेतून झालेली. तिचं नाव अमेरिकेतल्या बेंटन या खडकांच्या थरावरून पडलं. आपली मुलतानी मातीही तिच्या नात्यातलीच.

मात्र या पदरांत अफ्लाटॉक्सिन जसं बसतं तशी इतर विषं बसत नाहीत. फ्युजेरियम बुरशीच्या टी-2 किंवा डीऑक्सिनिव्हॅलेनॉलपुढे माती जवळजवळ हतबल असते. म्हणून कुबट मका स्वस्तात उचलायचा आणि वर मूठभर बाइंडर टाकून निर्धास्त व्हायचं, हे मला मुळीच पटत नाही. मका नीट वाळवणं हेच पहिलं काम. गाईम्हशींच्या बाबतीत तर अधिकच, कारण पेंडीतलं अफ्लाटॉक्सिन रूप बदलून, एम-1 होऊन, दुधात उतरतं आणि ते दूध लेकरांच्या पेल्यात जातं.

युरोपीय संघाने 2009 साली बुरशीविष कमी करणाऱ्या खाद्यपूरकांचा वेगळा गट केला आणि 2013 मध्ये त्यात बेंटोनाइटला मान्यता दिली. त्याच वर्षी डुकरांच्या खाद्यासाठी एका जिवाणूलाही परवानगी मिळाली. तो सापडला होता गाईच्या कोठीपोटात. तो विष बांधत नाही, डीऑक्सिनिव्हॅलेनॉलसारख्या विषांची घडणच मोडतो.