पिठे, गुत्ते, परमिट रूम : मुंबईच्या मद्यगृहांच्या इतिहासाकडे जाताना

मुंबईच्या इतिहासावर मराठीत भरभरून लिहिले गेले आहे. गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ 1863 साली प्रसिद्ध झाले. तेव्हापासून किल्ला, बाजार, देवळे, गिरण्या, चाळी आणि नाटकगृहे यांच्याविषयी अभ्यासक आणि हौशी लेखक दोघांनीही मन लावून लिहिले. इराणी हॉटेलांच्या वाट्याला तर मोठा जिव्हाळा आला. दारूच्या दुकानाकडे मात्र फार थोड्यांची पावले वळली. याचे कारण समजण्यासारखे आहे. 1919 मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याला’ने सुधाकर आणि सिंधूची शोकांतिका घराघरांत पोचवली, आणि मराठी मध्यमवर्ग दारूकडे पाहू लागला तो त्या नाटकाच्या नजरेने. ती नजर खोटी नव्हती. दारूने उद्ध्वस्त केलेल्या संसारांचा हिशेब याही विषयात ठेवावाच लागतो. पण दारू आणि दारूचे दुकान हे अभ्यासाचे दोन वेगळे विषय आहेत. दुकानाला मालक असतो, भाडे असते, उघडण्याची आणि बंद होण्याची वेळ असते, ठरलेली गिऱ्हाइके असतात आणि भिंतीवर टांगलेला परवाना असतो. या दृष्टीने पाहिले तर मुंबईचा पिठा, म्हणजे दारूचे दुकान, ही या शहरातली एक जुनी संस्था आहे आणि तिला इतिहास आहे.

हा इतिहास वाचण्याजोगा का, असे तुम्ही विचाराल. गिरणीत राबणाऱ्या, गोदीत ओझी वाहणाऱ्या किंवा बोटीवरून उतरून चार दिवस शहरात राहिलेल्या माणसाने रोजनिशी लिहून ठेवलेली नाही. त्याची पत्रे कुणी जपली नाहीत. पण संध्याकाळी तो जिथे बसे, त्या जागेवर सरकारची बारीक नजर होती. कोणत्या गल्लीत किती दुकाने, दारू किती कडक, भाव काय, दुकान किती वाजता बंद होते, याची नोंद ठेवल्याशिवाय महसूल पदरात पडत नव्हता. ज्यांच्याविषयी एरवी कागदावर काहीच उरले नाही, त्यांच्या आयुष्याचा एक तुकडा अबकारी खात्याच्या दफ्तरात असा टिकून राहिला. या विषयाचे खरे मोल मला त्यात वाटते.

सुरुवात मात्र दुकानापासून करू नये, झाडापासून करावी. मुंबई बेटावर माडांच्या आणि ताडांच्या दाट वाड्या होत्या. माड, ताड आणि शिंदी या तिन्ही झाडांचा रस काढण्याचे कसब भंडारी समाजाकडे पिढ्यान्‌पिढ्या होते. कमरेला कोयता आणि पाठीला मडके अडकवून माडावर चढायचे, पोयीचे टोक पातळ तासायचे, खाली मडके बांधून उतरायचे आणि काही तासांनी पुन्हा चढायचे, असे ते काम. पहाटे उतरवलेला रस गोड असतो; ती नीरा. दुपारपर्यंत तो आंबतो आणि संध्याकाळी चांगलाच चढू लागतो. दुसऱ्या दिवशी त्याला कुणी विचारत नाही. या एका गुणधर्मातून दुकानांचा भूगोल ठरला. ताडी-माडी लांबून आणता येत नसे, म्हणून ती झाडांच्या आसपासच विकली जाई. मोहाच्या फुलांची गाळलेली दारू मात्र टिकाऊ. ती उरणच्या पारशी मालकांच्या भट्ट्यांतून होडीने बंदर ओलांडून मुंबईत येई. एक पेय वाडीला बांधलेले आणि दुसरे बंदराला, एवढे लक्षात ठेवले तरी जुन्या नकाशावरची बरीच दुकाने तिथेच का आहेत हे कळू लागते.

सरकारला या दोहोंपैकी गाळलेली दारू सोयीची होती. मोजक्या भट्ट्यांवर पहारा ठेवणे सोपे होते. हजारो झाडांवर नजर ठेवणे अवघड. 1878 चा मुंबई अबकारी कायदा या गणितातून आला. त्यामागे चार्ल्स प्रिचर्ड हा अधिकारी होता. रस काढायच्या प्रत्येक झाडावर कर बसला, परवान्याशिवाय झाडाला हात लावता येईना, आणि दारू गाळण्याचा व विकण्याचा धंदा मक्तेदारांच्या हाती एकवटला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या भंडाऱ्यांनी या करांविरुद्ध अर्ज केले, आवाज उठवला. पुढे 1892 च्या कायद्याने त्या दोन जिल्ह्यांत मोहाची फुले जवळ बाळगण्यावरही निर्बंध आले. रानात पडलेले फूल वेचणे हा गुन्हा ठरू शकतो, हे त्या वर्षी कातकरी आणि ठाकर माणसांना पहिल्यांदा समजले असेल. मुंबईच्या दारू दुकानाचा इतिहास असा शहराबाहेरच्या जंगलापर्यंत जाऊन पोचतो. वाचकांनी हा धागा सुटू देऊ नये.

मक्ते आणि दुकाने मोठ्या प्रमाणावर पारशी कुटुंबांकडे होती. दारूवाला, ताडीवाला, पिठावाला ही आडनावे त्या व्यवसायाची साक्ष देतात. राष्ट्रीय चळवळीने दारूबंदीचा कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा या दुकानांवर साहजिकच ताण आला. टिळकांच्या पुढाकाराने 1908 मध्ये पुण्यात दारूच्या दुकानांपुढे निदर्शने झाली. मुंबईत नोव्हेंबर 1921 मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या आगमनाच्या वेळी दंगल उसळली, तेव्हा पारशांची दारूची दुकाने फोडली गेली. 1930 च्या आंदोलनात शहरातल्या स्त्रिया पिकेटिंगसाठी दुकानांच्या दारात उभ्या राहिल्या. म्हणजे एकाच उंबरठ्यावर एकीकडे दुकानदाराची रोजीरोटी, दुसरीकडे सत्याग्रही बाईचा निग्रह आणि मध्ये दिवसभराच्या कामाने थकलेले गिऱ्हाईक. यातल्या तिघांचीही बाजू मांडणारे लेखन अजून मराठीत व्हायचे आहे.

गोऱ्यांच्या मद्यगृहांविषयी इथे थोडक्यात सांगितले तरी चालेल, कारण त्यांच्याविषयी इंग्रजीत पुष्कळ आहे. वाचकांनी एकदा रीगल सिनेमाच्या चौकात उभे राहून आजूबाजूला पाहावे. राज्याच्या पोलीस महासंचालकांचे कार्यालय असलेली समोरची देखणी इमारत म्हणजे 1876 मध्ये पूर्ण झालेले रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम. बंदरात उतरलेल्या खलाशाने भलत्या ठिकाणी पगार उधळू नये, त्याला धड निवारा मिळावा, असा या घरांमागचा विचार असे. रीगलला लागून मोंडेगर आहे, त्याच्या भिंतींवर मारिओ मिरांडांची चित्रे आहेत. कुलाबा कॉजवेने थोडे पुढे गेले की लिओपोल्ड. अपोलो बंदराच्या अंगाला ताजमहाल हॉटेल. एवढ्या जागेत खलाशी, साहेब, इराणी, पारशी आणि पर्यटक यांचे दीडशे वर्षांचे पिणे-बसणे सामावलेले आहे.

शहरात 1 ऑगस्ट 1939 रोजी दारूबंदी आली, आणि इथून या विषयाचा सर्वांत रसाळ भाग सुरू होतो. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळात अबकारी खाते डॉ. गिल्डर यांच्याकडे होते. ते स्वतः पारशी. आपल्याच समाजाच्या धंद्यावर घाला घालणारा निर्णय राबवण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली. बुडालेला महसूल भरून काढण्यासाठी शहरातल्या स्थावर मालमत्तेवर कर बसला आणि घरमालकही चिडले. त्याच वर्षी मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, बंदीचा जोर ओसरला. स्वातंत्र्यानंतर मात्र 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि एप्रिल 1950 पासून राज्यभर पूर्ण दारूबंदी आली. त्या कायद्याला आव्हान देणारे एफ. एन. बलसारा यांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने 1951 मध्ये कायदा बहुतांशी उचलून धरला, पण दारूचा अंश असलेली औषधे आणि सौंदर्यप्रसाधने यांच्यावरची बंदी अमान्य केली. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा निकाल पाठ असतो. शहराच्या अभ्यासकांनीही तो वाचावा.

दुकाने बंद झाली, पिणे थांबले नाही. ते घरात शिरले. धोबी तलाव, माझगाव, वांद्रे इथल्या गोवेकर आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत, कोळीवाड्यांत, धारावीच्या खाडीकाठी हातभट्टीची दारू मिळू लागली; हेच गुत्ते. बसण्याची खोली म्हणजे घराचीच पुढची खोली. दोन बाकडी, कोपऱ्यात क्रूसापुढे मिणमिणता दिवा, बशीत उकडलेले चणे आणि मीठ, फार तर उकडलेले अंडे. माप पावशेराचे किंवा नवटाकाचे. माल काळ्या गुळाचा आणि नवसागराचा, रबरी ट्यूबांमध्ये भरून आणलेला. घर चालवणारी बाई सगळ्यांची आंटी. ती उधारी वहीत मांडी, जास्त झालेल्याला उठवून घरी पाठवी, हवालदाराचा हप्ता सांभाळी आणि त्याच कमाईवर मुलांच्या शाळेची फी भरी.

या आंटीकडे सिनेमाने विनोदाने पाहिले आणि वाचक बहुधा तिला तिथूनच ओळखतात. माझी विनंती आहे की तिच्याकडे एक स्वतंत्र व्यवसाय चालवणारी स्त्री म्हणून पाहावे. नवरा बोटीवर किंवा परागंदा, पदरी मुले, हाताला दुसरे काम नाही, आणि स्वयंपाकघरात दारू गाळण्याची घरची विद्या. ईस्ट इंडियन लग्नात खिमाड हे मद्य लागतेच. ही विद्या तिने आईकडून घेतली होती. 1949 च्या कायद्याने तिला गुन्हेगार ठरवले. मुंबईतल्या बायकांच्या श्रमाचा इतिहास लिहिताना गिरणीतली बाई येते, घरकाम करणारी येते, खाणावळवाली येते. आंटीची जागा तिथे अजून रिकामी आहे.

1960 च्या दशकात वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना निर्बंध सैल होत गेले आणि परवान्यावर बसून पिण्याची जागा, म्हणजे परमिट रूम, रुजली. देशी दारूचे नियम 1973 मध्ये आले. ‘सरकारमान्य देशी दारूचे दुकान’ ही पाटी आज नाक्यानाक्यावर दिसते, ती त्या व्यवस्थेची. मूळ कायदा रद्द झालेला नाही, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसते. दारूबंदीच्या त्याच कायद्याखाली, परवान्याच्या सवलतीने, आजही महाराष्ट्रात दारू विकली आणि प्यायली जाते. पिणाऱ्यालाही परवाना लागतो, आणि आरोग्य राखण्यासाठी मद्याची गरज असल्याची भाषा त्या परवान्यांत चालत आली आहे. अंधारी खोली, रस्त्यावरून आत दिसू नये म्हणून लावलेल्या काचा किंवा पडदे, दारावरची ‘परमिट रूम’ ही अक्षरे, हे सारे या कायद्याचे वास्तुशास्त्र आहे. आवडीनिवडीचा त्यात फारसा भाग नाही.

नव्याने या विषयाकडे वळणाऱ्याने कुठून सुरुवात करावी? एक गल्ली निवडा. सगळ्या शहराचा मोह धरू नका. लाफ्टनच्या सर्वेक्षणाचे नकाशे 1870 च्या सुमाराचे आहेत, त्यावर ती गल्ली शोधा. एडवर्ड्‌सने संपादित केलेल्या 1909-10 च्या मुंबई गॅझेटिअरचे तिन्ही खंड चाळा, शेपर्डचे 1917 चे रस्त्यांच्या नावांवरील पुस्तक जवळ ठेवा. मग एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात जा आणि महसूल खात्याची अबकारी दफ्तरे मागा. तिथे लिलावाच्या याद्या, दुकान हलवण्यासाठी आलेले अर्ज आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी भेटतात. त्यातल्या तक्रारी आधी वाचाव्यात असे मी सुचवीन. दुकान कुणाला नको होते आणि का, हे कळले की ते कुणाला हवे होते तेही उलगडते.

स्थापनेच्या सालांबाबत थोडे सावध राहावे. लिओपोल्डची स्थापना 1871 ची, पण सुरुवातीला तिथे खाद्यतेलाचा घाऊक व्यापार होता. त्या सालाला बिअर बारचे साल समजणे चूक. ताजमहाल हॉटेलातला हार्बर बार 1933 चा आणि शहरातला पहिला परवानाधारक बार म्हणून त्याची ख्याती आहे. पण दारूविक्रीचे परवाने तर 1878 च्या कायद्यापासून, किंबहुना त्याआधीपासून दिले जात होते. तेव्हा ‘पहिला’ म्हणजे कोणत्या प्रकारच्या परवान्यातला, हे विचारले पाहिजे. अशा प्रश्नांनी जुन्या जागांचा मान कमी होत नाही. उलट तेलाचे दुकान बिअर बार कसे झाले, हीच अधिक चांगली गोष्ट आहे.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. या विषयात रमताना त्याची काळी बाजू नजरेआड होऊ देऊ नये. मालाडच्या मालवणी वस्तीत जून 2015 मध्ये विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. ती बहुतेक हातावर पोट असलेली होती. जुन्या गुत्त्याच्या आठवणी सांगणाऱ्याला या मृत्यूंचाही इतिहास सांगता आला पाहिजे, कारण स्वस्त दारूची वाट आणि गरिबाची वस्ती यांचे नाते दोन्हीकडे तेच आहे.

दफ्तरे जागेवर राहतील. माणसे राहणार नाहीत. ज्यांनी 1950 च्या दशकात गुत्ता चालवला त्या बायका बहुतेक गेल्या. त्यांची मुले-मुली आज सत्तरीत, ऐंशीत आहेत. तुमच्या ओळखीत असे कुणी असेल, तर त्यांची इच्छा आणि अब्रू दोन्ही सांभाळून त्यांच्याशी बोला, बोलणे ध्वनिमुद्रित करा, आणि जुना परवाना, उधारीची वही किंवा पुढच्या खोलीतले छायाचित्र मिळाले तर त्याची प्रत काढून ठेवा. नावे छापण्याची घाई करू नका. पण हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका.