निगेटिव्हमधलं घर

मागच्या शनिवारी डिलाईल रोडची आमची खोली आवरत होतो. बीडीडी चाळ, १६० चौरस फूट, रिडेव्हलपमेंटसाठी रिकामी करायची. माळ्यावरच्या ट्रंकेत एक पाकीट सापडलं, आत एकच निगेटिव्ह. आई म्हणाली, "टाकून दे, काय दिसतंय त्यात?"

ट्यूबलाइटसमोर धरलं आणि अंगावर काटाच आला. आमचं कोकणातलं घर! केव्हाच पडलेलं. आकाश काळंकुट्ट, अंगण काळं, दार-खिडक्या मात्र लख्ख. जणू आत कुणी शंभर दिवे लावलेत.

खरं तर उलटंच. उजेड पडतो तिथे चांदीचे क्षार काळे होतात; अंधार काहीच उमटवत नाही, ती जागा पारदर्शक राहते. म्हणजे ते दिवे म्हणजे घरातला काळोख!

गंमत बघा, कॅमेऱ्याने काढलेलं आज शिल्लक असलेलं सर्वात जुनं निगेटिव्हही घराचंच आहे. इंग्लंडमधल्या लेकॉक ॲबी या आपल्या वाड्यातल्या जाळीदार खिडकीचं, विल्यम हेन्री फॉक्स टॅलबटने ऑगस्ट १८३५ मध्ये काढलेलं. टपालाच्या तिकिटाएवढा कागद! सुरुवातीला भिंगातून त्यातली सुमारे २०० तावदानं मोजता यायची, असं त्यानेच लिहून ठेवलंय. १८४१ मध्ये त्याने कॅलोटाइपचं पेटंट घेतलं. एका निगेटिव्हवरून हव्या तितक्या प्रती.

हे वेड आपल्याकडेही लवकर आलं. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिचे सदस्य होते. १८५५ मध्ये कॅप्टन थॉमस बिग्सने विजापूर, बदामी, ऐहोळेच्या वास्तू टिपल्या. तेव्हा एक्स्पोजर बराच वेळ चाले, चालती माणसं उमटतच नसत. उरत फक्त दगडी भिंती, काळ्या आकाशाखाली.

आमच्या भाषेत निगेटिव्ह म्हणजे सोर्स कोड, प्रिंट म्हणजे बिल्ड. बिल्ड पुन्हा करता येतो. पण त्या दुपारी घरावरून परतलेला उजेड प्रत्यक्ष याच फिल्मवर पडला होता. टाकायचं कसं?

असो. रात्री स्कॅन करून इन्व्हर्ट केलं. एका क्लिकमध्ये सगळे दिवे विझले. दारात एक बाई, केस काळेभोर, वय साधारण माझ्याएवढं. ओळखच पटेना. पुन्हा निगेटिव्ह धरलं... पांढरेशुभ्र केस. आजी!

आईने ते हातात घेतलं, बराच वेळ बघितलं आणि स्वतःच्या पर्समध्ये ठेवलं.